न मागता घेतलेलं कापड

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी नेमाने वाचते आणि खोटं कशाला बोलू, करमणूक म्हणून वाचते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाची गाडी एकाच झाडाखाली दर वेळी बंद पडते... मी आपली मनात म्हणते, अहो, आधी प्लग साफ करा. लिंबू-मिरची मी फक्त लोणच्यात घालते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेली पाहून आमचे हे गालातल्या गालात हसताहेत. हसू देत. जे झालं ते मी माझ्या परीने पाच वेळा तपासलंय, आणि तपासलं तसंच सांगणार आहे.

मी सुलभा. अमरावतीत एका संस्थेत मुलींना शिवणकाम शिकवते. सव्वीस वर्षं झाली. प्रत्येक नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगते – टाका उसवला तर दोऱ्याला दोष देऊ नका, नशिबाला तर मुळीच नको, चूक शिवणारीची असते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. दोन खोल्या, मागे टिनाचं शेड. घर भाजीपाल्याचं. बाबा वांगी, मेथी आणि दसऱ्याला झेंडू पिकवायचे, आई बाजारात विकायची. बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. आई एकटी राहते. अमरावतीला ये म्हटलं तर म्हणते, “तुह्या घरी दोन दिवसांत मले अपचन होते.” म्हणून दर शनिवारी सकाळच्या एसटीने मीच जाते, बडनेरा, मूर्तिजापूर करत, आणि सोमवारी पहाटे परत येते.

आईची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. संक्रांतीच्या आसपासची, एवढंच. यंदा तिला पंचाहत्तरावं लागणार होतं. मी दिवाळीतच ठरवलं की तिला एक गोधडी शिवून द्यायची. पण नुसती पांघरायची नाही, भिंतीवर टांगायची. आजकाल घरातले जुने अभ्रे, चादरी, साड्या घेऊन हाताने शिवलेल्या अशा कलाकृतींची प्रदर्शनं भरतात. माझ्या मुली त्याला टेक्स्टाइल आर्ट म्हणतात. मी म्हटलं, आपण गोधड्यांच्या घरातल्या, आपल्याला कोण शिकवणार!

आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. “गोधडी कुठं भितीले टांगतेत काय वं? पांघराची चीज आहे ते!”

पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. डिझाइनही माझंच. आम्ही चौघं पुढच्या खोलीत जमिनीवर ओळीने झोपायचो. दाराशी बाबा, मग संजू, मग आई आणि भिंतीकडे मी. ती जमीनच गोधडीत उतरवायची. तळाला आईचं जुनं लुगडं दुहेरी करून. कडेला तिच्या रुखवतातले उशीचे अभ्रे, ज्यांच्यावर तिने लग्नाआधी पोपट भरले होते. आणि मधे उभी चार कापडं, जो जिथे झोपायचा तिथे त्याचं. बाबांच्या जागी त्यांचं धोतर, आईच्या जागी तिचं पातळ, माझ्या जागी शाळेचा निळा स्कर्ट. आणि बाबा नि आईच्या मधली जागा संजूची.

संजू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि सांगायला मला जड जातं.

पोरगं गुणी होतं, पण घरात टिकायचं नाही. खंजिरी वाजवायचा. भजनी मंडळाबरोबर गावोगाव जायचा, शिक्षण अर्धवट टाकलेलं. बाबा अचानक गेले तेव्हा तो गुरुकुंज मोझरीला होता. तेव्हा त्याच्याकडे मोबाइल नव्हता. निरोप पोचून तो आला तोवर सगळं उरकलं होतं. अंगणात पाहुणे बसलेले. तो दारात उभा, हातात खंजिरी तशीच. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आता कायले आला? बाप जळून गेला. जसा आला तसाच जाय!”

तरी तो तेरवीपर्यंत राहिला, पाहुण्यांची ताटंसुद्धा त्यानेच उचलली. चौदाव्या दिवशी आईला म्हणाला, “अकोटले जाऊन येतो.” अकोटच्या गाडीत बसला आणि पुन्हा आला नाही. त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट वळणीवर ओलाच होता. आईने तो वाळल्यावर घडी करून ट्रंकेत ठेवला.

आम्ही शोधलं. अकोट, मोझरी, नागपूर, पोलिसांत नोंद, सगळं. बारा वर्षं झाल्यावर नातेवाईक म्हणू लागले की आता त्याचे विधी करून टाका. त्यांच्यात मीही होते. आईने एकच उत्तर दिलं, “माह्या पोट्ट्याचं जितेपणी पिंडदान मी करनार नाई. ज्याले घाई असंन त्यानं सोताचं करावं.” त्यानंतर तो विषय घरात बंद झाला.

आता गोधडीकडे. आमच्या घरात गोधडीचा एक नियम आहे. इतरांकडे असतो की नाही मला माहीत नाही, आमच्याकडे आईच्या आईपासून चालत आलाय. अंगावरचं कापड गोधडीत घालायचं तर ज्याचं त्याला मागायचं आणि त्याने आपल्या हाताने द्यायचं. मी पाच वर्षांची असताना माझा फाटका फ्रॉक कापायच्या आधी आईने तो माझ्या हातात दिला आणि विचारलं होतं, “देतं काय वं मले?” मी हो म्हणून दिल्यावर मग कात्री लावली. तान्ह्या बाळाचं असलं तर कापड त्याच्या मुठीत द्यायचं आणि मूठ सुटेपर्यंत थांबायचं. फक्त गेलेल्या माणसाचं मागावं लागत नाही. तेरवी झाली की त्याचं कापड न विचारता घेता येतं. बाबांचं धोतर तसंच घेतलेलं.

मी हा नियम मोडला. आई शेजारी गेली असताना ट्रंक उघडली आणि संजूच्या शर्टाची पाठ कापून घेतली. कबूल करते, हे मी जाणूनबुजून केलं. माझ्या मनात हिशोब सरळ होता – एक तर तो या जगात नाही, किंवा त्याला आपण नकोत. दोन्हीत मागायचं कुणाला? आणि एकदा त्याचं कापड त्याच्या जागेवर बसलं की आईचं वाट पाहणं तरी थांबेल. आईचं म्हटलं मी... खरं तर माझंही. अठरा वर्षं झाली तरी “जसा आला तसाच जाय” हे माझं मलाच ऐकू येतं, बहुतेक भांडी घासताना.

पहिल्यांदा साधा धावदोरा घातला, पांढऱ्या सुती दोऱ्याने. कडा दुमडून, चारी बाजूंनी, गाठी आतून. पुढच्या शनिवारी गोधडी उलगडली तर बाकी सगळं जागेवर आणि संजूचं कापड सुटं! दोरा शेजारी पडलेला. मला वाटलं घाईत गाठ सुटली असेल. मग दोरा हातात घेतला. दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत होत्या. मधे कुठे तुटला नव्हता, कातरलाही नव्हता.

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते. दोन्ही टोकांना गाठ असलेला दोरा कापडातून अख्खा बाहेर येऊच शकत नाही. एक तर गाठ तुटेल, नाही तर कापड फाटेल. मी भिंग घेऊन पाहिलं. सुईची भोकं तेवढी होती, बारीक, एकसारखी, माझ्या हाताची. एकही ताणलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी स्वतःलाच शिव्या दिल्या आणि पुन्हा बसले. या वेळी बखिया, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे जायचा. दोरा दुहेरी. याच्याइतका पक्का हातटाका दुसरा नाही. पुढच्या शनिवारी तेच. कापड सुटं, दोरा अख्खा, गाठी जागेवर.

आता मला संशय आला तो आईचा. शर्ट कापल्याचं तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, फक्त ती बोलली नव्हती. मी सरळ विचारलं, “आई, तू काढून राहिली काय टाके?”

आईने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. संधिवाताने बोटं वाकलेली. ब्लाऊजचे हूक लावायला तिला शेजारची सून लागते. “या हातानं काढू काय? मले सुई दिसत नाई, बाप्पा.” मग म्हणाली, “पन त्यानं देल्लं नाई ना, सुले. कसं राहीन?”

“आई, तो असता तर आला नसता काय?”

“देल्लं नाई,” ती पुन्हा म्हणाली आणि वाटाणे सोलायला लागली.

मला राग आला. म्हटलं, ठीक आहे, आता पाहतेच. गोधडी गुंडाळली आणि अमरावतीला आणली.

संस्थेत माझ्या टेबलामागे लोखंडी कपाट आहे, किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. सोमवारी भर वर्गात, बावीस मुलींसमोर ते कापड मी नायलॉनच्या दोऱ्याने लावलं. काज टाका घातला, शर्टाच्या काजाला घालतात तो, एकाला एक चिकटून. शबाना म्हणून माझी एक हुशार विद्यार्थिनी आहे, तिला म्हटलं ओढून पाहा. तिने दोन्ही हातांनी ओढलं. म्हणाली, “मॅडम, कपडा फटेगा लेकिन टाका नहीं निकलेगा.” गोधडी कपाटात, किल्ली पर्समध्ये.

गुरुवारी सकाळी अकराला सगळ्यांसमोर कपाट उघडलं. घडी मी ठेवली तशीच होती. उलगडली... आणि कापड शबानाच्या पायांवर पडलं. मागोमाग नायलॉनचा दोरा, अख्खा.  शबानाने तो दोरा उचलला, दोन्ही गाठी बोटाने चाचपल्या आणि माझ्याकडे पाहिलं. माझंच वाक्य तिच्या तोंडावर होतं, पण पोरगी संस्कारी, बोलली नाही.

त्यानंतर मी जे केलं ते वाचून तुम्ही मला वेडी म्हणाल. पण मी म्हणते, घाबरण्याआधी माणसाने निदान तपासावं तरी. शर्टाच्या उरलेल्या कापडाचा तुकडा घेतला आणि एका जुन्या चादरीवर शिवला. टिकला. वॉशिंग मशीनमध्ये तीनदा फिरवला, तरी टिकला. म्हणजे कापडात दोष नाही. मग गोधडीवर संजूच्या जागी आमच्या यांचा पट्ट्यांचा पायजमा शिवून पाहिला – विचारून, त्यांच्या हातून घेऊन! टिकला. आठवडाभर ठेवला. म्हणजे जागेतही दोष नाही. हाताने उसवून काढावा लागला तेव्हा निघाला.

दोष कापडात नाही, जागेत नाही, दोऱ्यात नाही. फक्त ते कापड त्या जागेवर राहत नव्हतं.

चौथ्यांदा मशीन मारली. मोटरची मशीन, बारीक टीप, वर आडवी-तिरपी झिगझॅग. तीन दिवसांनी वरचा दोरा एका बाजूला आणि खालचा, बॉबिनचा दोरा दुसऱ्या बाजूला, वेगवेगळे पडलेले. हे म्हणाले, “मशीनचं टेन्शन बिघडलं असेल.” मी म्हटलं, टेन्शन बिघडलं तर गुंता होतो हो, दोरे घटस्फोट घेत नाहीत! पाचव्यांदा कापडाचा डिंक लावला आणि त्यावर मशीन मारली. डिंक वाळून पापुद्र्यासारखा निघाला. तेव्हापासून हेही हसायचे थांबले. एक दिवस ताटावर बसले असताना म्हणाले, “सोडून दे ना. तीन माणसांची गोधडी कर.”

तीन माणसांची! मग मधे ती जागा तशीच रिकामी राहणार आणि आईच्या समोर भिंतीवर रोज दिसणार. मी म्हटलं, करीन तर चौघांची करीन.

संक्रांत झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी गोधडी घेऊन मी अकोल्याला गेले. आई शेडमध्ये उन्हाला बसली होती. मी तिच्यासमोर गोधडी पसरली, सुटं कापड त्यावर ठेवलं आणि म्हटलं, “आई, मी हरली. पाच डाव झाले. आता तूच सांग काय करू?”

आई बराच वेळ कापडावरून वाकडी बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “मागून पाह्य त्याले.”

“कोठून मागू? तो इथं आहे काय?”

“लेकराची मूठ सुटेस्तोवर थांबतो ना आपन? थांब. पन माग तं खरी. तू मांगितलंच कुठं? तू तं कापून घेतलं.”

मला ते इतकं लागलं की काय सांगू. कारण खरं होतं. शर्टाचंच नाही, त्या दिवशी अंगणातही मी त्याला काही विचारलं नव्हतं. निरोप कधी मिळाला, कसा आला, जेवला का... काही नाही. फक्त जा म्हटलं.

विश्वास वगैरे काही नव्हता, स्पष्ट सांगते. वेड्यासारखंच वाटत होतं. पण मी म्हटलं, पाच पद्धती झाल्या, ही सहावी. कापड दोन्ही हातांवर घेतलं आणि मोठ्याने म्हटलं, “संजू, तुझा शर्ट मी न विचारता कापला. आता मागते. आईच्या गोधडीत, तुझ्याच जागेवर लावायचा आहे. देतो काय रे मले?” आणि मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोलून गेले, “त्या दिवशी मी बोलली ते चुकलं. तू येऊन उभा होता, मी तुले पाणीही नाही विचारलं.”  आई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. किती वेळ थांबलो माहीत नाही. शेडवर चिमण्या नाचत होत्या.

मग सुईत साधा सुती दोरा ओवला आणि लावला धावदोरा, पहिल्या वेळचाच. डोळे भरलेले, टाके वाकडेतिकडे. माझ्या विद्यार्थिनीने असं काम दिलं असतं तर मी उसवायला लावलं असतं. झाल्यावर सवयीने मोबाइलवर फोटो काढला. प्रत्येक वेळचा फोटो मी ठेवलाय, तपासणीसाठी. या फोटोवर वेळ आहे, शनिवार, दुपारी बारा चाळीस.

रविवारी सकाळी टाका जागेवर होता. सोमवारी निघताना होता. पुढच्या शनिवारी गेले तेव्हाही होता. मी इतकी खूश झाले की एसटी स्टँडवरून आणलेल्या अर्धा किलो जिलेबीतली निम्मी शेजारी वाटली. भिंतीत खिळाही ठोकला. आई मात्र गोधडी टांगू देईना. मांडीवर घेऊन बसून राहायची.

त्याच्याही पुढच्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, खांद्याला रेक्झिनची बॅग. हातात पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. पत्त्याच्या बाजूला आईचं नाव, जुने शहर, अकोला, आणि गल्लीची खूण. अक्षर मी ओळखलं. मजकुराची बाजू पूर्ण कोरी होती.

त्याने नाव सांगितलं राममिलन. मूळचा उत्तर प्रदेशाकडचा, खंडव्याच्या बाजूला सरकी काढायच्या एका जिनिंग गिरणीत फिटर. संजू त्याच्याबरोबर अकरा वर्षं होता. त्याच्या आधी कुठे होता ते राममिलनलाही माहीत नव्हतं. मशीन दुरुस्त करायचा, सांजच्याला खंजिरी वाजवायचा, घरचं काही बोलायचा नाही. वर्षभरापासून छातीचं दुखणं होतं, कापसाची धूळ बसलेली. दवाखान्यात ठेवलं होतं...

मधेच आईने विचारलं, “हाय का गेला?”

त्याने मान खाली घातली. मग बॅग पुढे सरकवली. आत दोन जोडी कपडे, एक चष्मा आणि खंजिरी.

आई रडली नाही. तिने खंजिरी घेतली आणि गोधडीवर ठेवली. मी मात्र त्या क्षणी गोधडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता कळलं टाका का टिकला! तो गेला म्हणून. गेलेल्याचं कापड मागावं लागत नाही. मी इथे जिलेबी वाटत होते आणि तो तिकडे... मला त्या गोधडीची इतकी चीड आली की कात्री आणून ते कापड काढून टाकावं असं वाटलं. नकोच होतं मला टिकलेलं. सुटं राहिलं असतं तर तो असता.

पण सव्वीस वर्षांची तपासायची सवय. मी विचारलं, “कब हुआ?”

“सोमवार सुबह, चार बजे के आसपास. कल पूरे दो हफ़्ते हो जाएँगे।”

मी मोबाइल काढला. फोटो पाहिला. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. टाका शनिवारी दुपारी घातला होता. रविवारी सकाळी तो जागेवर होता, आईने आणि मी दोघींनी पाहिला होता. संजू गेला सोमवारी पहाटे.

म्हणजे टाका टिकला तेव्हा तो जिवंत होता.

मी राममिलनला विचारलं की शनिवारी तो कसा होता, शुद्धीवर होता का. तो म्हणाला, “दो दिन से कुछ बोले नहीं थे। शनिचर को दोपहर का खाना बँट रहा था, तब अचानक आँख खोली और हाथ ऐसे आगे किया।” त्याने आपली मूठ पुढे धरली आणि हळूच उघडली. “बोले, ‘घे ताई, घे.’ दो-तीन बार बोले। मैंने समझा पानी माँग रहे हैं, पानी दिया तो पिया नहीं। फिर सो गए। दीदी, ये ‘घे’ क्या होता है?”

 आईनेच त्याला सांगितलं. “घे म्हनजे... ले लो, भाऊ. ले लो.”

मग ती माझ्याकडे वळली. आत्ता कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि तरी ती हसत होती. “पाह्यलं काय, सुले? मी म्हनत होती ना? त्यानं देल्लं. त्याच्या हातानं देल्लं... अन् मले नाई, तुले देल्लं.”

मी तिच्या मांडीवरच्या गोधडीत तोंड खुपसून रडले. अठरा वर्षांत त्याच्यासाठी अशी रडले नव्हते.

राममिलनला आईने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जाताना मी त्याला तीनदा उलटसुलट विचारलं, वार नक्की शनिवारच का, वेळ जेवणाचीच का. तो म्हणाला, दवाखान्यात शनिवारी खिचडी असते, म्हणून लक्षात आहे. बिचारा कंटाळला असेल मला. पण त्याचं उत्तर बदललं नाही.

आता तुम्ही म्हणाल याचा अर्थ काय. मला विचारू नका. पाच नीटनेटके टाके आपोआप निघाले, गाठीसकट, आणि सहावा कच्चा टिकला. दवाखाना आणि आमच्या शेडमध्ये शंभर मैलांच्या वर अंतर असेल. योगायोग म्हणावं तर गाठी आड येतात, आणि दुसरं काही म्हणावं तर माझी जीभ वळत नाही. त्या दोऱ्यांच्या पाचही गुंडाळ्या मी कपाटात ठेवल्या आहेत, चिठ्ठ्या लावून. कुणाला तपासायच्या असतील तर या, चहा देईन. 

खिळा भिंतीत तसाच आहे, आई त्यावर पिशवी अडकवते. गोधडी ती रोज पांघरते. परवा मी हळूच संजूचं कापड कडेला धरून ओढून पाहिलं, सवयीने. तेवढ्यात आई डोळे मिटूनच म्हणाली, “देल्लेलं कापड ओढून पाहू नये वं.”

नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी ते जुनं वाक्य अजूनही सांगते. पण जुन्या कपड्यांचं काम निघालं की आता कात्री देण्याआधी प्रत्येकीला विचारते – ज्याचं आहे त्याला मागितलं का?